सातवा महिना

चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव. पुण्याभोवतीच्या कुठल्याही एमआयडीसीत नवीन पोरगा कामाला लागला, की मशीन हाताखाली यायच्या आधी त्याला एक हिशोब कळतो. सात महिने. एक जूनला लागला असेल तर डिसेंबरअखेर त्याला ब्रेक मिळणार. कुणी चिठ्ठी देत नाही, कारण सांगत नाही. सुपरवायझर शिफ्ट सुटताना म्हणतो, "उद्यापासून येऊ नको, महिन्याभराने फोन कर." पंचिंग कार्ड बंद होतं, कंपनीच्या बसमधली जागा जाते. मशीन मात्र चालूच राहतं. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला दुसरा पोरगा उभा असतो आणि त्याचे सात महिने सुरू झालेले असतात.

कायद्यात सात महिने कुठेच नव्हते. कायद्यात होते २४० दिवस. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराची सेवा अखंड वर्षाची धरली जायची. मग त्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागायचा. महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींची नमुना नियमावली, त्याच्याही पुढे गेले होते. बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेल्या) किंवा टेम्पररी कामगाराने मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं, हंगामी कारखान्यात १९० दिवस, तर त्याला कायम करायचं, असं त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं.

सहा दिवसांच्या आठवड्याने २४० हजेऱ्या भरायला नऊ महिने लागतात. मग ब्रेक सातव्या महिन्यात का? १९८५ साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही या दिवसांत मोजायच्या. रविवार धरले की आठ महिन्यांत २४० ओलांडतात. सात महिन्यांत साधारण २१० ते २१४ होतात. म्हणून सात. कोर्टात उद्या काही वाद झाला तरी आकडा अंगाशी येऊ नये एवढं अंतर राखून हा महिना ठरलेला आहे.

रविवारी सकाळी मी भोसरीजवळच्या एका युनियनच्या ऑफिसात अर्ज लिहायला बसते. माझी नोकरी अकाउंट्सची, आकडे जुळवायची सवय हाताला आहे, म्हणून लोक आपले कागद माझ्यापुढे ठेवतात. ब्रेक मिळालेली माणसं बहुतेक एकेकटी येतात. परवा उदगीरकडचा एक मुलगा आला. आयटीआय झालेला, वेल्डर. कापडाच्या दुकानातली जुनी पिशवी त्याने टेबलावर रिकामी केली. तीन वेगवेगळ्या ठेकेदारांच्या पेमेंट स्लिपा, दोन ओळखपत्रं, ईएसआयचं कार्ड, रबरात गुंडाळलेली कँटीनची कूपनं, सेफ्टी शूज मिळाल्याची पावती, आणि नाईट शिफ्टला लाइनवर काढलेला एक ग्रुप फोटो. फोटोत मागे भिंतीवर उत्पादनाचा फळा आहे आणि त्यावर खडूने तारीख लिहिलेली दिसते. ती तारीख त्याच्या कुठल्याच स्लिपेत नव्हती. त्या महिन्यात तो कागदोपत्री ब्रेकवर होता.

आम्ही टेबलावर महिन्यांच्या रांगा लावल्या. ज्या महिन्याची स्लिप नाही तिथे कूपन, कूपन नाही तिथे बसचा पास. मग मोबाइलवर त्याचं पीएफचं पासबुक उघडलं. यूएएन नंबर आल्यापासून ही एक गोष्ट कामगाराच्या हाती लागली आहे. पीएफची खाती बदलली तरी नंबर एकच राहतो आणि कोणत्या महिन्यात कुणी पैसे भरले ते दिसतं. त्याच्या पासबुकात ठेकेदारांची तीन नावं होती. गेट एक, लाइन एक, वेल्डिंगचं फिक्श्चर, म्हणजे भाग पकडून ठेवणारा साचा, तोही तोच. सगळं मांडून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एवढ्यानं होतंय का काही?"

होतंय का, याचं उत्तर फार लांबचं आहे. पहिली अडचण पुराव्याची. आपण २४० दिवस काम केलं हे कुणी सिद्ध करायचं? २००२च्या हदिमनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती जबाबदारी कामगारावर टाकली. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही; पगाराची पावती, नेमणुकीचं पत्र, हजेरीची नोंद असं काहीतरी लागतं. हजेरीपत्रक असतं कुणाकडे? मालकाकडे. पगारपत्रक? ठेकेदाराकडे. नेमणुकीचं पत्र बहुतेकांना कधी मिळालेलंच नसतं. कामगाराने अर्ज करून ही रजिस्टरं कोर्टात मागवावीत ही सोय आहे, आणि मालकाने ती दिली नाहीत तर न्यायाधीश त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतात. पण काढतीलच असं नाही. ज्याच्या हातात सगळी वही आहे त्याने गप्प बसायचं आणि ज्याच्या हातात कँटीनची कूपनं आहेत त्याने वर्ष सिद्ध करायचं, ही मांडणीच मला मुळात चुकीची वाटते. कामगार कायदे सुधारायचे असतील तर सुरुवात इथून करावी, कारण बाकीचे सगळे हक्क या एका दरवाजातून आत येतात.

दुसरी अडचण हेतूची. महाराष्ट्राने १९७१ साली एक असा कायदा केला ज्याचा मला अजूनही अभिमान वाटतो. नाव लांबलचक आहे, कोर्टात आणि युनियनमध्ये सगळे त्याला एमआरटीयू-पल्प म्हणतात. मालकाच्या कोणत्या वागण्याला अनुचित कामगार प्रथा म्हणायचं हे ठरवायला १९६८ साली राज्य सरकारने एक समिती नेमली होती, तिच्या कामातून हा कायदा उभा राहिला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात सहावी बाब आहे. कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून नेमायचं आणि कायम कामगाराचा दर्जा व फायदे मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, ही अनुचित प्रथा. ब्रेकचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरणगावातले बदली कामगार असावेत. सकाळी खात्याच्या दाराशी उभं राहायचं, कुणी आलं नाही तर काम, नाही तर परत घरी. मुंबईत अशा बदलीवर अनेकांची निम्मी उमर गेली.

पण "या हेतूने" या दोन शब्दांपाशी कामगार अडकतो. हेतू कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. कंपनी सांगते ऑर्डर कमी झाली, ठेकेदार सांगतो माणूस स्वतःच यायचा बंद झाला. आणि "वर्षानुवर्षं" म्हणजे किती वर्षं? सात महिन्यांचा तुकडा, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर आणखी सात महिने, मग गावाकडे सोयाबीन काढायला गेलेला एक हंगाम. प्रत्येक तुकडा वेगळा काढून दाखवला की वर्षानुवर्षं दिसतच नाहीत.

चिकाटी असली तर दिसतात, हेही खरं आहे. मुंबई महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवरच्या कंत्राटी कामगारांनी ते करून दाखवलं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई लढली. महापालिकेचं म्हणणं, हे आमचे कामगारच नाहीत, ठेकेदाराचे आहेत. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. २,७०० सफाई कामगारांना कायम करायचा तो आदेश. त्यानंतरही कागदपत्रांतल्या नावाच्या स्पेलिंगवरून अनेकांची नेमणूक रखडली. रोज पहाटे त्याच गाडीवर चढणारा, त्याच मुकादमाला ओळखीचा माणूस नावातल्या एका अक्षरामुळे बाहेर राहतो. हे वाचलं तेव्हा माझ्या टेबलावरच्या पिशव्या मला वेगळ्या दिसायला लागल्या. आता मी प्रत्येकाला आधी विचारते, आधारवर नाव कसं आहे, पीएफमध्ये कसं आहे, स्लिपेवर कसं आहे. तीन ठिकाणी तीन नावं असतील तर पहिला अर्ज दुरुस्तीचा.

ठेकेदारीच्या कायद्याबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढंच, की स्टील अथॉरिटीच्या खटल्यातल्या २००१च्या 'सेल' निकालानंतर ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेक्यावरचा माणूस आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. ठेका नावापुरता होता, बोगस होता, हे आधी सिद्ध करावं लागतं. म्हणजे पुन्हा पुरावा, पुन्हा पिशवी.

माझे वडील सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत लागले. तेही आधी टेम्पररीच होते. युनियनचा करार झाला तेव्हा त्यांची अख्खी बॅच कायम झाली. कायम झाल्यावर पगार वाढला हे आलंच. पतपेढीचं कर्ज मिळालं, प्राधिकरणात घर झालं, आम्हा दोघी बहिणींची शिक्षणं झाली. पण वडील सांगायचे ती गोष्ट निराळी होती. ते प्रेस शॉपला होते. प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्न येत नाही. उत्पादन वाढवायचं असलं की एका बटणाला टेप लावून ते कायमचं दाबून ठेवतात. मग एक हात मोकळा राहतो, पत्रा आत सरकवायला. त्या मोकळ्या हाताची बोटं जातात. कायम झाल्यानंतर एकदा फोरमनने टेप लावायला सांगितला आणि वडील नाही म्हणाले. एवढीच गोष्ट. नाही म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले.

नोकरीच्या सुरक्षिततेचा मला समजलेला अर्थ हा आहे. पगार, ग्रॅच्युइटी, सुट्ट्या हे सगळं त्याच्यानंतर येतं. ज्याच्या हातात सातव्या महिन्याची तारीख आहे तो माणूस टेप लावायला नाही म्हणू शकत नाही. बारा तास थांब म्हटलं तर थांबतो. ओव्हरटाइम साध्या दराने दिला तर मोजून घेतो आणि खिशात टाकतो. युनियनचा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला तर आधी दाराकडे बघतो. सुरक्षेचे, वेळेचे, वेतनाचे सगळे कायदे पुस्तकात असतात. ते लाइनवर उतरतात ते कुणीतरी नाही म्हणू शकतं म्हणून. आणि ब्रेकमुळे दर काही महिन्यांनी मशीनवर नवा हात येतो, मशीनची खोड माहीत नसलेला. बोट गमावलेली जी मुलं आमच्याकडे येतात त्यांतली बरीच पहिल्या काही महिन्यांतली असतात.

खोलीवरची गोष्ट वेगळीच. चाकणला, निघोज्यात, कुरुळीत एका खोलीत पाच-सहा जण राहतात. दोघं फर्स्ट शिफ्ट, दोघं सेकंड, दोघं नाईट. ब्रेकच्या महिन्यात भाडं चालू, मेस चालू, गावाकडचा हप्ता चालू. गावी स्थळ बघायला गेलं तर मुलीकडचे पगाराच्या आधी विचारतात, पर्मनंट आहे का? तिशी ओलांडलेली, दहा वर्षं कामावर असलेली मुलं या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत. बायकांचं तर आणखी अवघड. वायरिंग हार्नेसच्या युनिटमध्ये काम करणारी एक जण मला म्हणाली, तिला दिवस गेल्याचं लाइनवर कळलं आणि तिचा ब्रेक दोन महिने आधीच आला. प्रसूतीच्या रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम पुरतं, तिचे तर कितीतरी जास्त भरले होते. पण मागायची कुणाकडे?

मालकांची बाजू मी रोज ऐकते. माझी स्वतःची नोकरीही एका छोट्या उद्योगातच आहे. गाड्यांची विक्री वरखाली होते, मोठी कंपनी सुटे भाग पुरवणाऱ्या वेंडरला महिन्याचं शेड्यूल देते आणि पंधरा दिवसांत बदलते, दिवाळीआधी दुप्पट माल लागतो आणि मार्चनंतर शांतता. हे खरं आहे. हंगामी गरजेला हंगामी माणूस घ्यावा, त्यात गैर काही नाही. पण जी लाइन गेली दहा वर्षं तीन शिफ्टमध्ये चालली आहे ती हंगामी कशी?

दुसरा मुद्दा नेहमी सांगतात, की कायमच्या माणसाला काढणं कायद्याने इतकं कठीण केलं की मालक कायम करायलाच बिचकतो. यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची ती शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला. वेंडरची बहुतेक युनिटं त्याहून लहान. त्यांना परवानगी कधीच लागत नव्हती. नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांचा पगार दिला की काम झालं. तरी ब्रेक तिथेही आहे, तितकाच नियमाने आहे. म्हणजे ब्रेक हा कडक कायद्याला घाबरून शोधलेला रस्ता नाही. कायम कामगाराचा वेतनकराराने ठरलेला पगार आणि शेजारच्या टेम्पररीचा किमान वेतनाच्या आसपासचा पगार, यांतला फरक म्हणजे ब्रेकचं खरं कारण. काम तेच, पगार निम्म्याहून कमी.

आता २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि केंद्राचे २९ कायदे त्यांत विलीन झाले आहेत. मी त्या खुल्या मनाने वाचल्या. त्यांतली एक तरतूद मनापासून आवडली: प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं. ही खरंच मोठी गोष्ट आहे. मुदतीच्या नोकरीतल्या माणसाला कायम कामगाराइतकंच वेतन आणि फायदे द्यायचे, तेही चांगलं आहे. त्याला पाच वर्षं न थांबता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल असंही लिहिलं आहे. वाचताना आनंद झाला, आणि मग माझ्यासमोर बसणारी मुलं आठवली. सात महिन्यांत ज्याला घरी पाठवलं जातं त्याचं वर्ष भरणार कधी?

आणि मुदतीची नोकरी किती वेळा पुन्हा द्यायची याला संहितेत कमाल मर्यादा नाही. तीन महिन्यांचं पत्र, मग आणखी तीन महिन्यांचं, असं दहा वर्षं चाललं तरी चालेल. मुदत संपली म्हणून नोकरी गेली तर ती कपात धरलीच जात नाही, म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला. स्थायी आदेशांची सक्ती महाराष्ट्राने आपल्यापुरती पन्नास कामगारांच्या कारखान्यापर्यंत खाली आणली होती; संहितेत ती तीनशेपासून सुरू होते. कपातीच्या परवानगीची मर्यादाही शंभरावरून तीनशेवर गेली. केंद्राचा ठेका कामगारांचा कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा; महाराष्ट्राने ती मर्यादा आधीच पन्नासवर नेली होती, आता संहितेतही पन्नासच आहे. ज्या युनिटांत ब्रेक सगळ्यात जास्त चालतो नेमकी तीच युनिटं कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. शिकाऊ मुलांचं तर बोलायलाच नको. १९६१च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार धरलाच जात नाही, आणि काही वर्षांपूर्वी नीम या सरकारी प्रशिक्षण योजनेत ट्रेनी म्हणून लागलेली हजारो मुलं याच पट्ट्यात सरळ उत्पादनावर उभी होती. योजना बंद झाली, ट्रेनी हा शब्द राहिला.

मग मर्यादा बदलावी का? २४०चे १८० करावेत? आमच्या युनियनमधले काही जण तसं म्हणतात. मला वाटत नाही त्याने काही होईल. दक्षिण कोरियाने २००७ साली मुदतीच्या नोकरीला दोन वर्षांची मर्यादा घातली, तर लोकांना दोन वर्षं भरायच्या आधी काढायला लागले. जपानने पाच वर्षांचा नियम केला, तिथेही पाचवं वर्ष जवळ आलं की करार थांबवायच्या तक्रारी सुरू झाल्या. आकडा माणसाला लावला, की माणूस आकड्याच्या अलीकडे थांबवला जातो. १८० केले तर ब्रेक पाचव्या महिन्यात येईल.

माझं म्हणणं असं, की दिवस माणसाचे मोजू नका, जागेचे मोजा. एका मशीनवर, एका कामावर वर्षात २४० दिवस कुणीही उभं असेल, एक माणूस असो की तीन, तर ती जागा कायम. त्या जागेवरून माणूस बदलला म्हणून जागेचे दिवस पुन्हा शून्यापासून सुरू व्हायचे नाहीत, आणि ती जागा भरताना त्यावर आधी काम केलेल्याचा पहिला हक्क. असं झालं तर ब्रेक देऊन मालकाला काहीच मिळत नाही. शिकलेला माणूस जातो आणि जागा कायमची कायमच राहते. नेमणुकीचं पत्र आता सक्तीचं आहेच, त्यात दोन ओळी वाढवा: या जागेवर याआधी कोण होतं, आणि ते का गेलं. आमचे जुने वकील यावर म्हणाले की जागा म्हणजे काय याची व्याख्या करताना दमछाक होईल. होईल. पण कारखान्यात प्रत्येक मशीनला नंबर असतो, प्रत्येक शिफ्टचं मनुष्यबळ ठरलेलं असतं. कॉस्टिंगच्या शीटमध्ये कोणत्या ऑपरेशनला किती माणसं आणि किती मिनिटं, हे पैशापर्यंत लिहिलेलं असतं. मी स्वतः अशा शीट करते. किंमत काढताना जी जागा नेमकी दिसते ती हक्क द्यायच्या वेळी धूसर व्हायचं कारण नाही.

ज्या कामाला खरोखरच एक मालक नाही त्यासाठीही महाराष्ट्राकडे उत्तर आहे, घरचंच. १९६९चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या, आज या गाळ्यात तर उद्या त्या गाळ्यात काम करणाऱ्या माणसासाठी असं मंडळ उभं राहिलं, की मालक बदलला तरी कामगाराची नोंद बदलत नाही. मजुरी मंडळातून मिळते, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मालक भरतो आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार. दिवसांची नोंद मालकाच्या वहीत न राहता मंडळाच्या वहीत राहते. माझ्या दृष्टीने या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. आज याच चाकण पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या आहेत, हे मला माहीत आहे आणि त्यांना पोलिसांनी आवरलंच पाहिजे. पण त्या टोळ्यांचं निमित्त करून मंडळंच मोडायला निघणं म्हणजे ज्या हमालाला या कायद्याने म्हातारपणी फंडाचे पैसे दिले त्याचा गुन्हा नसताना त्याला शिक्षा. ठेकेदार बदलत राहणाऱ्या कामगारांसाठी असं मंडळ का नसावं? ठेकेदार येवोत-जावोत, दिवस मंडळाकडे जमा.

सरकार असं काही करेपर्यंत आम्ही आमच्यापुरती एक वही सुरू केली आहे. तिच्यात पानं माणसांच्या नावाने नाहीत, जागांच्या नावाने आहेत. कंपनी, शॉप, मशीन नंबर, शिफ्ट, आणि खाली त्या जागेवर उभं राहिलेल्यांची नावं, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या ठेकेदाराकडून. उदगीरच्या मुलाच्या वेल्डिंग फिक्श्चरचं पान त्याच्याकडूनच भरून घेतलं. त्याच्या आधी कोण होतं हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच याला काम शिकवलं होतं. त्याला फोन लावला. तो आता रांजणगावला आहे, दुसऱ्या कंपनीत, तिथला पाचवा महिना चालू आहे. त्याच्या आधीचा माणूस त्याने सांगितला, तो बुलढाण्याला परत गेलेला. एका पानावर तीन नावं झाली आणि मधे एकही महिना रिकामा राहिला नाही. त्या पानाला कोर्टात किती वजन मिळेल ते वकील बघतील. त्यांनी प्रत्येकाचं पीएफ पासबुक आणि प्रतिज्ञापत्र सोबत लावायला सांगितलं आहे. रांजणगावचा मुलगा पुढच्या रविवारी येतो म्हणाला. येताना जुन्या स्लिपा घेऊन ये आणि शेजारच्या मशीनवरच्यालाही सांग, असं त्याला कळवलं आहे.